मालगाडीचा शेवटचा पहारेकरी

विठ्ठलवाडी : कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली मालगाडी विठ्ठलवाडी स्थानकातून धडधडत जाऊ लागली, की फलाटावरील प्रवासी ती संपण्याची वाट पाहतात. गाडीच्या अखेरीस उघड्या सज्जाचा एक वेगळाच डबा दिसतो. तोच ब्रेकव्हॅन. आज तो केवळ गार्डची बसण्याची जागा वाटत असला, तरी एकेकाळी संपूर्ण गाडीची सुरक्षितता त्याच्या चाकांवर अवलंबून असे.

कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये, तर बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. घाटात चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र. त्या काळी मालगाडीला इंजिनापासून अखेरपर्यंत सलग ब्रेक नव्हता. चालकाने शिटीने इशारा दिला, की गार्ड आपल्या डब्यातील चाक फिरवून हातब्रेक आवळत असे. चढावर जोडणी तुटली, तर मागे घरंगळणारे डबे रोखण्याची जबाबदारीही याच डब्यावर असे.

हा धोका किती भीषण असतो, हे १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे दिसले. तेथे सहलीच्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे आले आणि सुमारे ८० जणांचा बळी गेला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना सलग, स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले.

भारतात दीर्घकाळ निर्वात ब्रेक प्रचलित होता. इंजिन नळीतील हवा शोषून घेते. नळीत हवा शिरताच बाहेरील वातावरणाच्या दाबाने दट्ट्या सरकतो आणि ब्रेक लागतो. मात्र लांब गाडीत हा परिणाम शेवटच्या डब्यापर्यंत सावकाश पोहोचतो. म्हणून पुढे हवादाब ब्रेक आले. त्यांच्या नळीत सुमारे पाच किलो प्रतिचौरस सेंटिमीटर दाब असतो. तो घटताच प्रत्येक डब्याखालील टाकीतील हवा ब्रेक आवळते. दोन्ही पद्धतींत जोडणी तुटली, तर ब्रेक आपोआप लागतो.

यामुळे ब्रेकव्हॅनचे काम बदलले. दाबमापक, आणीबाणीची झडप, हातब्रेक आणि मागचा दिवा ही त्याची आयुधे झाली. अखेरच्या डब्यावरील 'एलव्ही' पाटी दिसली, की गाडी अखंड आल्याची खात्री पटते. हादरे देणाऱ्या चारचाकी 'बीव्हीझेडसी'च्या जोडीला प्रवासी डब्यांच्या बोगीवर बेतलेली आठचाकी 'बीव्हीझेडआय' व्हॅन आली.

डब्याचा पूर्वेतिहास त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. सध्याच्या अकरा अंकी क्रमांकातील पहिले दोन अंक प्रकार, पुढील दोन मालक रेल्वे, त्यानंतरचे दोन बांधणीचे वर्ष सांगतात. पुढील चार डब्याचा स्वतंत्र क्रमांक, तर शेवटचा पडताळणीचा अंक. 'पीओएच'च्या नोंदीवरून मोठी दुरुस्ती कधी व कोठे झाली, हे कळते.

जानेवारी २०२२ मध्ये गार्डचे पदनाम 'ट्रेन मॅनेजर' झाले. शेवटच्या डब्यावरून इंजिनाला बिनतारी संदेश देणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्याही रेल्वेने घेतल्या. नळीतील दाब आणि गाडीची अखंडता यंत्र सांगू शकेल. मात्र आडमार्गावर थांबलेल्या गाडीतून उतरून हातब्रेक आवळणे आणि मागून येणाऱ्या गाडीला सावध करणे, यासाठी माणूसच लागतो. ब्रेकव्हॅनचे भवितव्य ठरवताना हा हिशेबही मांडावा लागेल.