खेळ बंद, तरी व्यायाम चालू : जुन्या दुखापती आणि चाळिशीनंतरची ताकद

आम्हा काही सभासदांचा व्हॉलीबॉल आणि कबड्डीचा खेळ दिवाळीनंतर रंगात येतो आणि होळीच्या सुमारास थांबतो. मग बऱ्हाणपूरचे ऊन, त्यामागून पावसाळा आणि मैदानात चिखल. हे सात-आठ महिने आम्ही कित्येक वर्षे नुसते बसून काढले. दिवाळी झाली की एकदम मैदानात उतरायचे आणि पहिल्याच आठवड्यात कुणाची पोटरी धरायची, कुणाचा जुना गुडघा सुजायचा. गेल्या हंगामात आमच्यातल्या दोघांनी "आता वय झाले" म्हणून खेळ सोडला. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला : दोष वयाचा, की इतक्या महिन्यांच्या बसण्याचा? डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारून आणि स्वतः करून पाहून जे समजले, ते सर्व सभासदांसाठी येथे मांडत आहोत.

बसून राहिल्याने काय होते?

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के. साठीनंतर हा वेग वाढतो. ही घट व्यायामाने बरीच रोखता येते आणि गेलेली ताकद उतारवयातही काही प्रमाणात परत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनातही चालण्या-पळण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. रोज राजघाटापर्यंत फेरी मारणे चांगलेच, पण उडी मारून खाली येताना गुडघा सांभाळायची ताकद त्याने येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा मात्र सावकाश तयार होतो, त्याला महिने लागतात. महिनाभरात "आता जोर आला" असे वाटते आणि आपण वजन वाढवतो, तेव्हा कंडरा मागे राहिलेला असतो. जुनी दुखणी बहुतेक तेथेच उठतात. म्हणून तयारी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सुरू करून चालत नाही. आषाढातच सुरुवात हवी.

जुन्या दुखापतीला विश्रांती की काम?

"गुडघा दुखतो, मग त्याला हात लावू नका" हा आपल्या घरांतला नेहमीचा सल्ला. ताज्या दुखापतीत तो काही दिवस ठीक आहे. जुन्या, बऱ्या झालेल्या दुखापतीत मात्र तो उलट पडतो. आपण दुखरा पाय वाचवतो, त्यामुळे तो आणखी दुबळा होतो आणि दुबळा पाय पुन्हा दुखावतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचे डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी गुडघा दुखावलेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वाढत्या वजनाचा व्यायाम दिला आणि ते लवकर सावरले. आजच्या फिजिओथेरपीतही हाच विचार आहे. 1998 साली स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या जुन्या दुखण्यासाठी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम 12 आठवडे देऊन चांगला परिणाम दाखवला.

आपल्या आखाड्यांत हे शहाणपण वेगळ्या रूपात होतेच. नवा पठ्ठा आला की उस्ताद त्याला पहिल्याच दिवशी जोडी फिरवायला देत नसत. आज दहा जोर, उद्या बारा, असेच चाले. केळीच्या बागेत घड खांद्यावर घेणारा मजूरही एका दिवसात तयार झालेला नसतो.

आठवड्याचे दोन दिवस

सोमवार-गुरुवार असे मध्ये अंतर असलेले दोन दिवस, प्रत्येकी 40 मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात पहाटे करावे. आधी 8-10 मिनिटे चालून अंग तापवावे. मग :

१. खुर्चीवर बसणे-उठणे. खोल बैठका नकोत. जमू लागले की पाच लिटरचा पाण्याचा कॅन, म्हणजे सुमारे पाच किलो वजन, छातीशी धरावे.
२. जोर आधी भिंतीवर, मग ओट्यावर आणि शेवटी जमिनीवर. ज्यांचा खांदा निखळलेला आहे, त्यांनी ओट्यापर्यंतच थांबले तरी चालेल.
३. पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलणे. मांडीचा मागचा भाग आणि पाठ यांच्यासाठी.
४. पायरीवर टाच उचलून हळू खाली नेणे. पोटरीसाठी.
५. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन ताठ चालणे.

प्रत्येक प्रकार 8 ते 12 वेळा, दोन फेऱ्या. फेरी संपताना आणखी दोन-तीन वेळा करता आले असते, असे वाटायला हवे. दोन दिवस लागोपाठ 12 सहज झाले तरच थोडे वाढवावे. श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो.

दुखणे कसे ओळखावे?

शून्य ते दहा असे दुखणे मोजावे. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखे झाले, तर चालू ठेवावे. त्याहून अधिक असेल किंवा सकाळीही ठणकत असेल, तर वजन आणि संख्या कमी करावी, पण व्यायाम अगदी सोडू नये. सूज येणे, गुडघा अडकणे किंवा अचानक सुटणे, पायाला मुंग्या येणे, रात्री दुखून झोप मोडणे, ही लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधीच तपासून घ्यावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तेथेच थांबून लगेच दवाखाना गाठावा.

थोडे ताटाविषयी

आपल्याकडे पोळी-भात भरपूर आणि प्रथिने कमी असतात. भारतीय शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी अधिक लागतात. वरण घट्ट करावे, ताक-दही, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये आणि चालत असेल तर अंडी वाढवावीत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

यंदा आम्ही आषाढात सुरुवात केली. खेळ सोडलेल्या दोघांपैकी एकजण पुन्हा येऊ लागला आहे. त्याला स्पर्धा जिंकायची नाही, नातवंडांबरोबर असीरगड पायी चढून जायचा आहे. आपल्यापैकी ज्यांचे जुने बूट माळ्यावर पडले आहेत, त्यांनीही खुर्चीपासून सुरुवात करावी. दिवाळीला मैदानात भेटू.