चित्रांनी काय सांगायचं, शब्दांनी काय

मुलांसाठी पुस्तक घेताना आपण मागच्या पानावरचा वयोगट पाहतो आणि मग ओळी मोजतो. पानावर दोनच ओळी असल्या तर ते बालवाडीचं, मजकूर दाट असला तर पाचवीचं, आणि नुसती चित्रं असली तर ते हमखास लहानांचं. या हिशेबात मुख्य गोष्ट निसटते. चित्रमय पुस्तकात गोष्ट दोन ठिकाणी असते, काही शब्दांत आणि काही चित्रांत. ही वाटणी कशी झाली आहे, यावर ते पुस्तक कोणत्या मुलाला पेलेल हे ठरतं. अक्षरओळख नसलेल्या मुलाला आपण वाचून दाखवतो तेव्हा त्याची नजर अक्षरांवर जवळजवळ जातच नाही, ती चित्रांवर फिरत असते, असं कॅनडातल्या संशोधकांना 2005 साली डोळ्यांच्या हालचाली टिपून दिसलं. म्हणजे शब्द त्याच्या कानांत आणि चित्र डोळ्यांत, एकाच वेळी. दोन्हींनी नेमकं तेच सांगितलं तर चार-पाच वर्षांच्या मुलाला करायला काही उरत नाही.

अगदी तान्ह्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसतं, तेव्हा ठळक आकार आणि जाड पुठ्ठ्याची पानं पुरेत. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ओळखीचं जग पुन्हा भेटलेलं आवडतं. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं या वयाला शोभतात, कारण त्यांत राधा आणि तिच्या घरातली माणसं आहेत आणि शब्द व चित्रं एकाच हातची आहेत. पुढच्या टप्प्यावर मात्र शब्द आणि चित्र यांत फट हवी. पॅट हचिन्स यांच्या 1968 च्या ‘रोझीज वॉक’मध्ये शब्द फक्त फिरायला निघालेल्या कोंबडीचे आहेत. तिच्या मागावरचा कोल्हा चित्रांत सतत दिसतो, मजकुरात त्याचं नावही येत नाही. तो मुलाला आधी दिसतो, आणि वाचणाऱ्या मोठ्या माणसाला थांबवून ते तो दाखवतं. ही फट मोठ्या मुलांसाठी किती रुंद होऊ शकते ते शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’मध्ये पाहावं. 2006 च्या या पुस्तकात परक्या देशात गेलेल्या माणसाची कथा आहे. सांगणारा एकही शब्द नाही, तरी ते दहा-बारा वर्षांच्या मुलाला विचार करायला लावतं. ओळी मोजणाऱ्याने ते तान्ह्या बाळाच्या कप्प्यात ठेवलं असतं.

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या गावी मराठी घर असेल तर हा मुद्दा आणखी जवळचा होतो. तिथलं मूल शाळेत हिंदी वाचतं. लिपी तीच असल्यामुळे मराठीही त्याला वाचता येतं, पण शब्द अडतात. अशा दहा वर्षांच्या मुलाच्या हाती केवळ मराठी कच्चं म्हणून चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक दिलं तर ते मनातून दुखावतं. त्याला शब्द थोडे आणि चित्रं त्याच्या वयाची, असं पुस्तक द्यायला हवं. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत संकेतस्थळावर मराठी आणि हिंदी दोन्हींतली पुस्तकं आहेत आणि तिथल्या चार पायऱ्या वाचनक्षमतेवर आखलेल्या आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण पायरी फक्त शब्दांबद्दल सांगते. चित्र किती मागतं, हे पालकालाच पानं उलटून पाहावं लागतं.

चित्रकथांनी वाचनाची सवय बिघडते, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्याचा अंश आहे. फुग्यांतली तुटक वाक्यंच वाचत राहिलेल्या मुलाला लांब वाक्याचा सराव होत नाही. म्हणून सलग मजकुराची पुस्तकं सोबत हवीतच. पण दोन चौकटींच्या मधल्या जागेत काय घडलं ते वाचणाऱ्याला स्वतः जोडावं लागतं, आणि हे जोडणं म्हणजे वाचनच. चित्रांतून अवघड विषय मुलांपुढे ठेवू नयेत, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. त्याचं उत्तर मझौलीच्या शेजारच्याच मुलखातून आलं आहे. जबलपूरला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यातल्या बुरबसपूरच्या दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’ चितारलं. 2011 मध्ये ‘नवयान’ने काढलेल्या या पुस्तकात डॉ. आंबेडकरांना सोसावी लागलेली अस्पृश्यता आहे. ठरावीक चौकटींऐवजी पानांवर गोंड भिंतींवरच्या दिग्ना नक्षीच्या रेषा वळतात. डंख मारणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. कोणाचे शब्द कसे लागतात, हे मुलाच्या डोळ्यांना वाचण्याआधीच कळतं. दुःख लपवलेलं नाही, पण ते पाहता येईल असं केलं आहे. पाचवी-सहावीच्या मुलाला हे पुस्तक द्यावं, आधी आपण वाचावं आणि मग त्याच्याबरोबर बसावं. 1901 साली पाणी नाकारलं गेलेला त्यातला भीम दहा वर्षांचाच आहे, आणि तेवढ्या वयाचं मूल त्याच्याबद्दल जे प्रश्न विचारेल ते टाळू नयेत.