हिरव्या अजगराचं बाळंतपण

मैत्रिणींनो, बाळंतपण म्हटलं की तयारी आलीच. मग ते माणसाचं असो, गोठ्यातल्या गाईचं असो, नाही तर अजगराचं! दचकलात ना? अमेरिका-युरोपात हौशी लोक झाडावरचा हिरवा अजगर, म्हणजे ग्रीन ट्री पायथन, घरात पाळतात, त्याची पैदासही करतात. मोबाइलवर ते बघून आपली मुलंही हट्ट धरतात. त्यांना "गप्प बस" म्हणण्यापेक्षा त्यात काय काय असतं ते सांगावं.

हा बिनविषारी अजगर मूळचा न्यू गिनी बेटाचा आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा. दिवसभर फांदीवर वेटोळं घालून बसायचं, हा त्याचा स्वभाव. म्हणून पेटीत आडव्या काठ्या, ऊब आणि दमटपणा हवा.

जाणकार नवख्यांना पहिलं सांगतात, घाई नको. मादी तीन-चार वर्षांची, अंगानं भरलेली हवी. नर-मादी एरवी वेगळे ठेवायचे. रात्रीची ऊब काही आठवडे थोडी कमी केली की जोडी जमते. पोटात अंडी असताना मादी बहुधा अन्न सोडते. दहा-वीस अंडी घातली की त्यांना वेटोळ्यात घेते आणि अंग थरथरवून ऊब देते. साधारण पन्नास दिवस, तेही उपाशी! आईपण काय फक्त माणसातच असतं?

खरी कसोटी पुढे. पिल्लं पिवळी नाही तर विटकरी असतात, हिरवा रंग नंतर येतो. प्रत्येकाला वेगळा डबा लागतो. बरीचशी पहिला घासच घेत नाहीत. चिमट्यात उंदराचं इवलंसं पिल्लू धरून, पुन:पुन्हा हलवून खाऊ घालावं लागतं. शेपूट फार नाजूक, त्यामुळे नर की मादी हे बघायची घाई करायची नाही. वीस पिल्लं म्हणजे वीस डबे आणि वीस हट्टी तोंडं!

आणखी एक. विकत घेतलेला अजगर आला कुठून? इंडोनेशियातून "पैदाशीचे" म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान ८० टक्के जंगलातून पकडलेले असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपली हौस अशी जंगलाच्या मुळावर येते.

आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. असा परदेशी प्राणी बाळगायचा तर वनखात्याकडे नोंदणी हवी, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. आपला भारतीय अजगर, इतकंच काय, पिंजऱ्यातला आपला देशी पोपटही पाळायला बंदी आहे बरं का!

तेव्हा मुलाला सापांची आवड असेल तर ती मोडू नका. त्याला पुण्याच्या कात्रजला सर्पोद्यान दाखवा, पुस्तकं आणून द्या. आणि तरीही हट्ट राहिलाच, तर एकच विचारा, "वीस पिल्लांना रोज कोण बघणार?" उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. आईच!