नाव पेढीचे, हात कुणाचा?

लंडनच्या जुन्या दुनळी बंदुकीवर एक नाव ठसठशीत असते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस, असे कुठले तरी. नावाच्या आजूबाजूला गुलाबाचे छोटे गुच्छ आणि केसाइतक्या बारीक वेलींची वळणे. त्या वेली कोरायला कारागिराचे कितीतरी दिवस गेलेले असतात, पण त्याचे नाव बंदुकीवर कुठेच नसते. पैठणीवर विणकराची सही नसते, तशातलाच हा प्रकार. माल पेढीचा, नाव पेढीचे.

त्यातही गंमत अशी, की पुष्कळदा ही नक्षी त्या पेढीच्या कारखान्यात कोरलेलीच नसे. लंडनच्या सोहो भागात हॅरी केल नावाचा नक्षीकार होता. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या पेढ्या आपापल्या बंदुकांचे पोलादी भाग त्याच्याकडे पाठवत. म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांच्या बंदुका आणि दोन्हींवर एकाच कार्यशाळेची छिन्नी! केन हंट हा मुलगा १९५० साली पर्डीकडे उमेदवारीला लागला आणि शिकायला केलकडेच गेला. पुढे हंटने नाव काढले आणि कामावर सहीही केली. त्याच्या आधीच्या पिढ्यांना मात्र तो मान क्वचितच मिळाला.

काम कसे चाले ते पाहिले, की ओळख पटवणे इतके अवघड का, हे कळते. नक्षी कोरतात ती पोलाद मऊ असताना. इंग्लिश कारागीर एका हातात छिन्नी आणि दुसऱ्या हातात छोटी हातोडी घेऊन टकटक करत रेघ पुढे नेतो. काही ठिकाणी नुसत्या तळहाताच्या रेट्यानेही कोरतात. भिंगाखाली दोन्हींतला फरक दिसतो. हातोडीच्या रेघेत अगदी सूक्ष्म पायऱ्या असतात, रेटून काढलेली रेघ सलग वाहते. वेलीच्या पोटात छाया दाखवणाऱ्या समांतर रेघा असतात. त्या कुठे सुरू होतात, कुठे निमुळत्या होतात आणि कोणत्या अंगाला झुकतात, ही जवळजवळ हस्ताक्षराचीच खूण. कोरून झाले की ते भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात गाडून तापवतात आणि एकदम पाण्यात सोडतात. पृष्ठभाग कडक होतो आणि त्यावर निळे-तपकिरी ढग उमटतात. त्यानंतर त्यावर छिन्नी चालत नाही. चालवायची तर पोलाद पुन्हा तापवून मऊ करावे लागते.

ही शेवटची गोष्ट खरेदीदाराने गाठीला बांधावी. साध्या जुन्या बंदुकीवर मागाहून नक्षी चढवून किंमत वाढवण्याचा उद्योग जुनाच आहे. कारखान्याच्या किंवा चाचणीच्या शिक्क्यावरून वेल बेधडक गेलेली असेल, किंवा कडा झिजून गोल झालेल्या असताना नक्षी मात्र कोरी करकरीत दिसत असेल, तर समजावे की हा हात उशिरा आलेला आहे.

चित्रांच्या जगात जोव्हानी मोरेल्ली या इटालियनाने एकोणिसाव्या शतकात एक युक्ती मांडली होती. चित्रकार ओळखायचा तर चेहरा पाहू नका, कानाची पाळी आणि नखे पाहा; तिथे हात बेसावध असतो. बंदुकीवरचे हरीण सगळेच जीव ओतून कोरतात. म्हणून पाहायचे ते हरणाच्या पायाखालचे गवत, कुत्र्याचा डोळा, पक्ष्याच्या पंखातली शेवटची रेघ.

तरीही युरोपातल्या जुन्या शिकारी बंदुकांपुढे ही युक्तीही लंगडी पडते, कारण तिथे चित्रेच उसनी आहेत. पॅरिसमध्ये बंदूकसाजांसाठी नक्षीच्या नमुन्यांची पुस्तके छापली जात. जाँ बेराँचे १६५९चे, क्लोद सिमोनाँचे १६८५चे. ती फ्रान्सबाहेर दूरवर पोचली. पुढे आउग्सबुर्गच्या योहान एलियास रीडिंगरची शिकारचित्रेही जर्मन कारागिरांनी मनसोक्त उचलली. त्यामुळे दोन बंदुकांवर तेच रानडुक्कर आणि तेच तीन कुत्रे दिसले, म्हणून हात एकच असे म्हणता येत नाही. दोघांकडे एकच छापील कागद होता, एवढेच त्यातून ठरते.

या सगळ्या धुक्यात एका माणसाने, स्वतःच्या धंद्याच्या सोयीपोटी, दिवा लावून ठेवला. लुई डॅनियल निम्श्के हा जर्मनीत १८३२ साली जन्मलेला कारागीर १८५०च्या सुमारास न्यूयॉर्कला आला आणि १९०४ साली वारला. कोल्ट, विंचेस्टर अशा नामांकित कंपन्यांच्या बंदुका-पिस्तुलांवर त्याने काम केले. एखादा भाग कोरून झाला, की तो रेघांत शाई भरी, वरची शाई पुसून टाकी आणि कागद दाबून ठसा घेई. ते ठसे तो वहीत चिकटवून ठेवी. गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला आणि पुन्हा तसेच काम आले तर हाताशी असावेत म्हणून. ही वही १९६५ साली पुस्तकरूपाने छापली गेली आणि तोवर निनावी असलेल्या कितीतरी शस्त्रांना एकदम बाप मिळाला. ठसा उलटा असतो, अक्षरे आरशातल्यासारखी. तो सुलटा करून प्रत्यक्ष बंदुकीशी रेघेला रेघ जुळवता येते. याला पुरावा म्हणायचे.

पण वहीचा दुष्परिणामही झाला. निम्श्केसारखी मोकळी, गोलाकार वेल न्यूयॉर्कमधले इतर जर्मन कारागीरही कोरत होतेच. वही प्रसिद्ध झाल्यावर तशी प्रत्येक वेल ‘निम्श्केची’ होऊ लागली, कारण नावासरशी किंमत चढते. विंचेस्टरच्या उलरिक भावांबाबत तर घोळ आणखी मोठा. कॉनरॅड, हर्मन आणि जॉन, एकाच घरातले, एकाच परंपरेत शिकलेले. थिओडोर रूझवेल्टची १८७६ मॉडेलची विंचेस्टर जॉनच्या हातची समजतात. काही बंदुकांवर उलरिक अशी बारीकशी सही सापडते. बाकीच्यांसाठी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयातील कंपनीच्या नोंदवह्या धुंडाळायच्या. त्यांत बंदुकीच्या क्रमांकापुढे नक्षी केल्याची नोंद मिळते. कुणी केली, हे बहुधा नाही. माझे मत विचाराल तर अशा वेळी ‘उलरिक कार्यशाळा’ एवढेच लिहून थांबावे. तिघांतला एक भाऊ निवडण्याचा मोह लिलाववाल्यांचा, अभ्यासकाचा नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यातल्या चकमकीच्या उत्तम बंदुकांवर गावाचे नाव, टिपूने सुरू केलेल्या मौलुदी सनाचे वर्ष आणि करणाऱ्याचे नाव, असे सगळे आढळते. नळीवर वाघाच्या पट्ट्यांची ‘बबरी’ नक्षी असते. सरकारी कारखान्यात हिशेब चोख लागे, म्हणून नाव आले असावे. कलावंताचा गौरव करायला नव्हे. आणि ते नाव बंदूकसाजाचे. पट्टे कोरणारा तोच असेल असे नाही. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, लूट वाटली गेली आणि या बंदुका विंडसरपर्यंत पोचल्या.

महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थानी आणि जहागीरदार घरांतही विलायती शिकारी बंदुका अजून आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या कपाटात गेल्या. त्या घरांना एक विनंती. बंदूक चकचकीत करायला कुणाच्या हाती देऊ नका. पॉलिश कागदाने आधी जातात त्या छायेच्या बारीक रेघा आणि पोलादावरचे रंगीत ढग. म्हणजे हात ओळखण्याचा पुरावाच. मूळ पेटी, झाकणाच्या आतली चिठ्ठी, आजोबांच्या काळचे बिल, काहीही टाकू नका. चापाच्या कडीच्या शेपटीवर किंवा नळ्यांच्या खालच्या अंगाला क्रमांक असतो. तो नीट उतरवून घ्या आणि परवाना चालू ठेवा. पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंडच्या जुन्या नोंदवह्या शिल्लक आहेत. क्रमांक कळवला तर बंदूक कधी आणि कुणासाठी बनली, हे समजू शकते. आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी दलाल दारात आला तर त्याला आधी सांगा.