सातपूरचा रस्ता आणि रस्त्याकडेची कला

वाळवंटी शहरांत झाडे जगवणे पाण्याअभावी कठीण असल्याने रस्त्याची शोभा पुष्कळदा बांधकामातूनच साधावी लागते. सौदी अरेबियातील जेद्दा शहरात महापौर मोहम्मद सईद फारसी यांनी १९७० च्या दशकापासून हेन्री मूर, जोआन मिरो अशा शिल्पकारांच्या कलाकृती चौकांत आणि समुद्रकिनारी उभारल्या, आणि मानवाकृती टाळण्याच्या तेथील संकेतामुळे त्यांत अमूर्त शिल्पांना प्राधान्य मिळाले. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील फीनिक्सने १९८६ मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या निधीतील एक टक्क्यापर्यंतचा वाटा कलेसाठी राखला. शेजारच्या स्कॉट्सडेलमध्ये पिमा महामार्गाच्या भिंतींवर कॅरोलिन ब्राक्स्मा आणि सहकाऱ्यांनी सरडे व निवडुंग उठावात घडवले. अशा कामात साच्याच्या आत नक्षीचे अस्तर लावून काँक्रीट ओततात, त्यामुळे आकृती भिंतीचाच भाग होते आणि रंग उडाला तरी टिकते.

सातपूरला वाळवंट नाही, पण पावसाळ्याचे चार महिने भिंतीवरच्या रंगाची कठोर परीक्षा घेतात. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत सामील झालेल्या या औद्योगिक वसाहतीतून जाणाऱ्या त्र्यंबक रस्त्यावर कामगार आणि त्र्यंबकेश्वराचे यात्रेकरू एकत्र वाहतात. नाशिककडील बाजूस एबीबी सर्कल, मायको सर्कल ही चौकांची नावे कारखान्यांवरून पडली आहेत; मायको कंपनी २००८ मध्ये बॉश झाली, तरी लोकांच्या तोंडी चौक मायकोचाच राहिला. कोणत्याही शिल्पाविना एवढी स्मृती ज्या रस्त्याने जपली, त्याला उसन्या कारंज्यांची आणि ठोकळेबाज पुतळ्यांची सजावट अपुरी पडते.

सह्याद्रीच्या दुर्गम पट्ट्यातील वारली चित्रकला भिंतींसाठी सहज निवडली जाते, आणि ती निवड योग्यही आहे. मात्र गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक हा विशिष्ट प्रसंगासाठी असतो, तो पुसट झाला तरी पुढच्या लग्नात पुन्हा रेखला जातो. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणताना तिचा जिवंतपणा राखला. कंत्राटाने रंगवलेल्या संरक्षक भिंतीला मात्र असा पुढचा प्रसंग नसतो, म्हणून पापुद्रे सुटलेली चित्रे तशीच राहतात.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत त्र्यंबक रस्त्यावर नवी भिंत किंवा पूल उभारायचा झाल्यास कलावंताला आराखड्याच्या टप्प्यावरच बोलवावे आणि दर पावसाळ्यानंतरच्या डागडुजीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी. साचे बनवण्याचे, धातू घडवण्याचे कौशल्य सातपूरच्या कारखान्यांत हाताशीच आहे.