मोसंबीची पाने पिवळी का पडतात?

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी भागांत मोसंबीचे पान पिवळे दिसताच बागाईतदार युरियाची गोणी आणतो. ही घाई बरी नव्हे. आधी पान जुने की नवे, हे पाहावे. जुनी पाने सरसकट फिकी पडल्यास नत्राची उणीव समजावी. कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या असल्यास लोह कमी. नवी पाने लहान, अरुंद होऊन शिरांमधील भाग पिवळा पडल्यास जस्त कमी. चुनखडीच्या जमिनीत ही द्रव्ये असूनही मुळांना मिळत नाहीत. तेथे युरिया काय करणार? जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विरवलेला चुना मिसळून, गाळून नव्या पालवीवर फवारावे. आळ्यात पाणी तुंबून मुळे गुदमरत असल्यास मात्र प्रथम चर काढावा.