लोखंड न फिरवणारी मोटर

दहावीच्या पुस्तकातील विद्युत मोटरची आकृती आठवा. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याच्या तारेचे आयताकृती वेटोळे, दुभंगलेली कडी आणि दोन ब्रश. आता खेळण्यातली मोडकी मोटर वर्गात उघडा. वेटोळी दिसतील, पण ती लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली. एखादा विद्यार्थी लगेच विचारेल, "सर, पुस्तकात तर लोखंड नाही!"

प्रश्न योग्य आहे. चुंबकीय बलरेषांना हवेपेक्षा लोखंडातून जाणे सोपे जाते. गाभा घातला की ध्रुवांमधील हवेची फट कमी होते, क्षेत्र प्रबळ होते आणि मोटरचा जोर वाढतो. मात्र या जोराची किंमत मोजावी लागते.

तशीच एक न उघडलेली मोटर घ्या. ती बॅटरीला न जोडता तिचा आस दोन बोटांनी हळू फिरवा. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल, कारण गाभ्याचे दात चुंबकाकडे ओढले जातात. शिवाय फिरत्या गाभ्यातील चुंबकत्व सतत उलटसुलट होते. त्यात ऊर्जा वाया जाते आणि लोखंड तापते. तिसरी अडचण जडत्वाची. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अनेकांनी सहलीत पाहिली असेल. जड जाते चटकन वेग घेत नाही आणि चटकन थांबतही नाही. दळणाला हे सोयीचेच. पण क्षणोक्षणी वेग बदलावा लागणाऱ्या यंत्रात असे वजन नको असते.

यावरचा उपाय म्हणजे गाभारहित मोटर. हिच्यात चुंबक मध्यभागी स्थिर असतो. त्याच्याभोवती पेल्याच्या आकाराचे पोकळ वेटोळे फिरते आणि बाहेर पोलादी कवच असते. बलरेषा चुंबकातून निघून वेटोळे ओलांडतात आणि कवचातून परततात. म्हणजे लोखंड गेलेले नाही. त्याचे फिरणे तेवढे थांबले आहे. चुंबक आणि कवच दोन्ही स्थिर असल्यामुळे अडखळणे नाही आणि लोखंडातील ऊर्जेचा अपव्ययही जवळजवळ नाही. आधाराशिवाय वेटोळे आकार कसा धरते? जर्मनीत फ्रिट्झ फाउलहाबर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तार तिरकी गुंडाळण्याची युक्ती काढली. अशी तिरकी वेटोळी एकमेकांना चिकटवली की पेला स्वतःच्या बळावर उभा राहतो.

मोबाइल थरथरवणारी नळीसारखी बारीक मोटर, खेळण्यातील ड्रोन, इन्शुलिनचा पंप अशा ठिकाणी या मोटरी वापरल्या गेल्या. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीत स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या अशा ११ मोटरी होत्या. वीज मोजकी असताना अपव्यय टाळण्याचे मोल तेथे मोठे होते.

मग पिठाच्या गिरणीला हीच मोटर का नको? कारण उष्णता सामावून घेणारा गाभा नसल्याने पातळ वेटोळे लवकर तापते. मोठा भार अडकला तर ते थोड्याच वेळात जळू शकते. म्हणून मुलांना सांगावे, चालू ड्रोनचे पाते बोटाने अडवू नका. बोटालाही इजा होईल आणि मोटरलाही.

मोडक्या ड्रोनची मोटर मिळाल्यास तिचा आस पहिल्या मोटरीशेजारी फिरवून पाहा. दोन्हींतील फरक बोटांनाच कळेल. पुस्तकातील बिनलोखंडाची आकृती खोटी नव्हती, हेही मुलांच्या ध्यानात येईल.